खालच्या ओळीचं बटण

केदारखेड्यापासून सहा किलोमीटरवर, नाल्यापल्याड गायरानात उंबरवस्ती आहे. बावीस घरं, दोन ओळींत. जमीन गायरानाची, म्हणून विजेचे खांब नाल्यापाशीच थांबले होते. चार वर्षांपूर्वी एका संस्थेने तिथे सोलरचा प्लांट बसवला आणि तो सांभाळायला वस्तीतलीच एक बाई निवडली. ती दीपमाला. दहावी झालेली, अठ्ठावीस वर्षांची. नवरा राजानंद जालन्याच्या एका स्टील कारखान्यात होता, पंधरा दिवसांनी घरी यायचा.

जालन्यात बारा दिवस ट्रेनिंग झालं. शिकवायला संध्याताई होत्या. पॅनल पहाटेच पुसायचे, बॅटऱ्यांत शुद्ध पाणीच घालायचं, एकेका बॅटरीचा आकडा वहीत लिहायचा, हे सगळं त्यांनी शिकवलं. परत आल्यावर दीपमालाच्या कमरेला बॅटरीखोलीची किल्ली आली. बाया तिला सोलरवाली म्हणायला लागल्या. तिला ते आवडायचं.

वस्तीत दिवे लागले त्याच महिन्यात तिचे सासरे रामकिसन जालन्याहून परत आले. त्यांना ती मामा म्हणायची. तीस वर्षं भट्टीपुढे काम करून त्यांची छाती गेली होती. तोंडात मारायचा पंप ओढायची ताकद उरली नव्हती, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ मशीनवर औषधाची वाफ घ्यावी लागायची. मशीनला वीज हवी, म्हणून ते जालन्यातल्या मस्तगडात लेकीकडे, रूपालीकडे राहत होते. दीड खोलीत पाच माणसं. दिवसभर मामा जिन्याच्या पायरीवर बसून असायचे. उंबरवस्तीला आले तेव्हा जीपमध्ये मशीन त्यांनी मांडीवर घेतलं होतं.

तीन वर्षं बरी गेली. पुष्पाबाईंनी शिलाई मशीनला मोटर बसवली. पोरं दिव्याखाली अभ्यासाला बसू लागली. मामा संध्याकाळी वाफ घेऊन विहारासमोरच्या ओट्यावर जाऊन बसायचे आणि तासभर धाप न लागता बोलायचे.

चौथ्या वर्षी बॅटऱ्या दमल्या. आधी दहाला दिवे जात, मग नऊला, मग आठला. चोवीस बॅटऱ्यांपैकी पाच फुगल्या होत्या. दीपमालाने वहीतले आकडे पाहिले आणि तिला कळलं, की हे पाणी घालून सुधारणारं दुखणं नाही.

तिने संध्याताईंना फोन लावला.

"दीपमाला, तो प्रकल्प संपला गं," त्या म्हणाल्या. "मीही आता तिथं नाही. प्लांट तुमच्या ग्रामपंचायतीकडं दिलाय, तशी सही झालीय."

"पण ताई, बॅटऱ्या कोण देणार?"

"आम्ही तेव्हाही विचारलं होतं वरती," त्या म्हणाल्या. "मला खरंच माहीत नाही."

सरपंच बद्रीनाथ माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी चहा पाजला, ग्रामसेवकालाही बोलावलं. "नवा प्लांट म्हणशील तर योजना हाय," ते म्हणाले. "जुन्याला बॅटऱ्या बसवायची योजना न्हाई. मी तीनदा इचारून आलो, बाई."

तालुक्याला वीज कार्यालयात ती दोन बस बदलून गेली. निदान खांब तरी मिळतील, असं तिच्या मनात होतं. तिथल्या बाबूने कॉम्प्युटरवर गाव काढलं, वस्ती काढली.

"तुमच्याकडे वीज आहे की. सोलरवर विद्युतीकरण पूर्ण, असं दिसतंय."

"ते बंद पडून राह्यलं, साहेब. म्हणून तर आले."

"पण वीज नसलेल्या वस्त्यांच्या यादीत तुम्ही नाही. यादीतून एकदा नाव गेलं की आम्हाला इथून घालता येत नाही." त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवून दाखवला. उंबरवस्ती, बावीस घरं. आकडा बरोबर होता.

सुगीच्या दिवसांत मामांचा दमा वाढला. दिवसा उन्हावर मशीन चालायचं, पण खरा त्रास दिवस मावळल्यावर. सगळ्या घरांत दिवे लागले की बॅटऱ्यांवर ताण यायचा, आणि वाफ अर्धी होते न होते तोच सगळं बंद पडायचं. मामा तोंडाला नळी धरून तसेच बसून राहायचे. खांदे वरखाली व्हायचे. दीपमाला पाठ चोळायची. दुसरं तिच्या हातात काही नव्हतं.

म्हणजे एक होतं. बॅटरीखोलीत दोन बटणं होती, एक वरच्या ओळीचं, एक खालच्या. खालची अकरा घरं बंद केली तर मशीन पंधरा-वीस मिनिटं तग धरायचं. एका संध्याकाळी तिने ते बटण खाली केलं. मामांची वाफ पुरी झाल्यावर वर केलं. कोणी विचारलं तर म्हणाली, "ट्रिप झालं होतं."

दुसऱ्या दिवशी तेच. मग रोजच. खालच्या ओळीत अंधार पडला की पोरांचा गलका व्हायचा, कोणीतरी बाहेर येऊन हाक मारायचं. ती खोलीतून उत्तर द्यायची, "बघून राह्यले." आणि घड्याळाकडे बघत उभी राहायची.

महिनाभराने विहारासमोर बैठक बसली. आहे तेवढी वीज कशी वापरायची, हे ठरवायचं होतं. खालच्या ओळीतला मिथुन म्हणाला, "आमच्याच ओळीला रोज काय होतं? वायरमधी फॉल्ट हाय का?"

दीपमाला बोलायच्या आत पुष्पाबाई बोलल्या. त्यांचं घर बॅटरीखोलीला लागूनच होतं.

"दीपे, मी आठ दिवस झाले बघून राह्यले. तू बटण खाली करती. सांग, न्हाई म्हन."

"करते," दीपमाला म्हणाली. "मामांच्या मशीनसाठी."

कोणी ओरडलं असतं तर तिला सोपं गेलं असतं. कोणी ओरडलं नाही. मिथुनने मान खाली घातली. त्याची पोरगी दहावीला होती.

"मला सांगायचं ना, वैनी," तो हळूच म्हणाला. "आम्ही न्हाई म्हनलो असतो का? पण रोज खोटं..."

मामा ओट्याच्या कडेला बसले होते. वीस मिनिटं खालची ओळ अंधारात बसते, हे त्यांना आत्ता कळलं होतं. ते काठी टेकत उठले.

"आजपासून संध्याकाळी मशीन लावायचं न्हाई," ते म्हणाले आणि घराकडे चालू लागले. वाटेत दोनदा थांबले. दीपमाला मागे धावली, पण त्यांनी हात धरू दिला नाही.

बैठकीत ठरलं, की सगळ्यांनी एकेकच दिवा लावायचा आणि मामांचं मशीन चालू द्यायचं. पुष्पाबाई स्वतः ते सांगायला घरी आल्या. मामांनी ऐकून घेतलं, पण पुढचे चार दिवस संध्याकाळी मशीनला हात लावला नाही. पाचव्या दिवशी त्यांचे ओठ काळेनिळे पडले. राजानंद जालन्याहून आला. दवाखान्यात दोन दिवस काढले आणि तिथूनच मामा मस्तगडला रूपालीकडे गेले.

दवाखान्याच्या दारात निरोप देताना दीपमाला म्हणाली, "मामा, माझ्यावर राग धरू नका."

"राग कायचा? तू माझ्यासाठीच केलं." जीपच्या दाराला धरून त्यांनी दम घेतला. "पण त्या पोरीचा अभ्यास मी खाल्ला गं."

त्यानंतर बॅटऱ्या आणखी उतरल्या. डिसेंबरात दिवस मावळला की पाच मिनिटांत सगळं बंद व्हायचं. दीपमाला तरी पहाटे पॅनल पुसायची, आकडे लिहायची.

एका दुपारी एक तरुण माणूस सर्व्हेला आला. त्याला मोबाईलवर प्रत्येक प्लांटची माहिती भरायची होती. बाराचं ऊन होतं, मीटर जोरात चालला होता.

"छान ठेवलाय हो," तो म्हणाला.

"दिवसाच चालतो. सात वाजता या, मंग कळंल."

"आज अजून तीन गावं करायचीत, ताई." त्याला वाईट वाटलेलं दिसत होतं. "शेऱ्यात लिहितो मी बॅटऱ्यांचं." त्याने 'सुरू' वर बोट दाबलं, पॅनलशेजारी तिला उभं करून फोटो काढला आणि मोटरसायकल वळवून गेला.

चार दिवसांनी मामांचा फोन आला. आवाज बारीक झाला होता.

"मिथुन भेटला मोंढ्यात, माल घेऊन आल्ता. म्हणाला, साहेब आल्ते, फोटो काढून नेले."

"हो, मामा."

"मंग आता बॅटऱ्या येतील."

सर्व्हेवाल्याचं 'सुरू' वर दाबलेलं बोट तिच्या डोळ्यांपुढे आलं.

"इथं लाईट बराबर हाय," मामा म्हणाले. "पण जिन्यात दिवसभर लोकं येऊन-जाऊन राह्यलेत, बसायला जमत न्हाई." ते खोकले. "मी पिशवी भरून ठेवतो. तू म्हणशील तवा जल्दी निघतो."

"बरं," दीपमाला म्हणाली.