ब्रसेल्सचे तीन

नाताळात ब्रसेल्सहून दालचिनीच्या बिस्किटांचा डबा आला तो ऑफिसातल्या टकर व्हिटलोच्या नावाने, आणि तेव्हापासून रोबर्टा केस्लरच्या पोटात दुखायला लागलं. अकरा वर्षं तो डबा तिच्या टेबलावर यायचा. कंपन्यांच्या विलीनीकरणावर नजर ठेवणाऱ्या वॉशिंग्टनच्या स्पर्धा खात्यात ती, ब्रसेल्सच्या तशाच खात्यात योस्ट. दोघांनी मिळून किती बड्या कंपन्यांची लग्नं मोडली होती! आता दोन्हीकडे साहेब बदलले, वारं बदललं. इकडचे म्हणतात, सरळ कोर्टात खेचा. तिकडचे म्हणतात, आपल्याही कंपन्या जरा मोठ्या होऊ द्या. आणि योस्टशी दर गुरुवारी फोनवर बोलायचं काम जानेवारीपासून टकरला दिलं. म्हणजे रोबर्टाकडे उरलं काय? फायली.

टकर बत्तीस वर्षांचा, आणि वर नम्र. त्या नम्रपणाचाच तिला जास्त राग यायचा.

"रोबर्टा, इतकी वर्षं तुम्ही हे कसं सांभाळलंत हो?"

"तोंड बंद ठेवून," ती म्हणाली.

मार्च आला. अमेरिका घड्याळं तासभर पुढे करते, युरोप मात्र दोन-तीन आठवडे उशिरा. एरवी ब्रसेल्सचे तीन म्हणजे वॉशिंग्टनचे नऊ. त्या मधल्या दिवसांत दहा. गुरुवारचा फोन कायम ब्रसेल्सच्या तीनला यायचा. दरवर्षी रोबर्टा सगळ्यांना आठवण करून द्यायची. यंदा टकरच्या वहीत 'गुरुवार, नऊ' लिहिलेलं तिने डोळ्यांनी पाहिलं, आणि मुकाट्याने आपला बेगल खाल्ला.

डायलिसिसच्या यंत्रांचे पंप बनवणाऱ्या दोन कंपन्या एक होणार होत्या. त्यांना दोन्ही खात्यांनी एकच उत्तर द्यायचं, ते कोणतं हे त्या गुरुवारी ठरायचं होतं. टकर नऊपासून फोनपुढे बसला. पावणेदहाला उठला, त्याला शहराच्या दुसऱ्या टोकाला साक्षीदाराकडे जायचं होतं.

"फोनच आला नाही. माझं काही चुकलं का?"

"छे रे. ते असेच. जा तू."

तो गेला. तिला इतकं बरं वाटलं की तिची तिलाच लाज वाटली, पण थोडीच.

दहाला फोन वाजला.

"रोबर्टा? अगं, टकर कुठाय?" योस्ट म्हणाला.

"गेला. घड्याळाचा घोळ घातला त्याने."

"तू सांगितलं असशीलच ना त्याला?"

"सांगून काय उपयोग? कच्चा आहे रे अजून. त्याच्यावर सोडण्यासारखं नाही."



"मग पंचाईत झाली. अगं, येत्या सप्टेंबरपासून तुला वर्षभर इकडे बोलवायचं चाललं होतं. तुझ्या साहेबांची एकच अट, मागे सांभाळणारा माणूस हवा. म्हणून तर टकरला तयार करत होतो. तुला एकदम सांगून चकित करायचं होतं. यंदा तुला बिस्किटंही पाठवली नाहीत. म्हटलं, आलीस की दुकानातच नेईन."

'मीच त्याला सांगितलं नाही.' एवढं एक वाक्य बोलायचं होतं. तिने तोंड उघडलंसुद्धा.

"पण तू म्हणतेस तर तो कच्चाच असणार," योस्ट म्हणाला. "तुझा शब्द मी कधी मोडलाय का? मग त्यालाच पाठवा इकडे वर्षभर, मी पक्का करतो. तिकडचं तू सांभाळ. चालेल ना?"

"चालेल," रोबर्टा म्हणाली, आणि तिने पंपांची फाईल उघडली.