वन्संचा पाट

तिसऱ्या खेपेला डॉक्टर मणेरीकरांनी दुर्बीण आत घातली, तेव्हा माझ्या आतड्यात कुमुदवन्सं पाटावर बसून साबुदाणा भिजवत होत्या. पडद्यावर त्यांच्या नाकातली चमकीसुद्धा दिसत होती.

“ह्या कोण?” डॉक्टरांनी विचारलं.

“मोठी नणंद,” मी म्हटलं. “हिच्यापायीच आधीच्या दोन तपासण्या फुकट गेल्या.”

चार महिने मला शौचातून रक्त पडत होतं. माझे वडील आतड्याच्याच कॅन्सरनं गेले, म्हणून आत काय आहे ते मला कळायला हवं होतं. आदल्या दिवशी नुसतं नितळ पाणी प्यायचं, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. पण आमच्या घरात जेवायचं नाही म्हटलं की तो उपास, आणि उपासाला खिचडी चालते. दोन्ही वेळा वन्सं भरपूर कूट घातलेल्या खिचडीची बशी घेऊन पुढ्यात उभ्या. “खा गं मालू, साबुदाण्यानं काय होतंय?” दोन्ही वेळा मी मुकाट खाल्लं, आणि डॉक्टरांना दाण्यांपलीकडे काही दिसलं नाही. एकतीस वर्षं मी ह्या बाईचं ऐकत आले. आता माझं डोकं फिरलं होतं.

डॉक्टरांनी दुर्बीण आतच ठेवली आणि जुलाबाच्या औषधाचा जग माझ्या हातात दिला. “एकेक ग्लास घ्या. पाणी स्वच्छ येईपर्यंत.”

औषध खारट होतं. मी चवीनं प्यायले. पहिल्या ग्लासाला कूट वाहून टेबलाखालच्या बादलीत पडलं, दुसऱ्याला बशी. दर ग्लासामागे खोली वीतभर अरुंद होत होती. चौथ्याला डॉक्टर अंग चोरून उभे राहिले. भिंती हाताला ओलसर लागत होत्या.

“मालू, बास कर,” वन्सं आतून म्हणाल्या. “पदर भिजला माझा.”

“उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही,” मी म्हटलं आणि पाचवा ग्लास भरला.

सहाव्याला आतडं लख्ख झालं. उरल्या फक्त वन्सं, गळ्यापर्यंत पाण्यात, पातेलं डोक्यावर धरून.

“पाटाखाली काहीतरी आहे,” डॉक्टर म्हणाले.

“वन्सं, उठा.”

“मी उठले तर तुला ते बघावं लागेल गं.” त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. मला फार बरं वाटलं.

शेवटचा ग्लास मी एका दमात संपवला. पाट तरंगायला लागला.