म्याडमच्या वहीतल्या दोन ओळी

नेरे गावच्या काळूरामने चाळीस वर्षं पाहुण्यांना प्रबळगडावर नेलं आणि वाटेत इतक्या थापा मारल्या की त्या एकावर एक रचल्या असत्या, तर प्रबळगडाशेजारी दुसरा गड उभा राहिला असता. ऐकणारे हसायचे, चहा पाजायचे. पण त्याचा एक शब्दही आजवर कुणी कागदावर उतरवला नव्हता.

म्हणून दोन हजार तेराच्या मे महिन्यात पुण्याची वल्लरी जाड वही घेऊन आली, तेव्हा काळूरामच्या अंगात वारं शिरलं. ती दगडांचा अभ्यास करणारी. डायनासोर संपले त्या सुमाराचा लाव्हा या डोंगरांत थरावर थर साचलेला, आणि दोन थरांच्या मधे लाल मातीची पट्टी सापडते. ती तिला बघायची होती.

"डायनासोर ना?" चढता चढता काळूराम म्हणाला. "माज्या खापरपणज्याच्या गोठ्यात एक बांधलेला. दूध देत नाय म्हनून सोडून दिला."

वल्लरी पोट धरून हसली. वही मात्र पिशवीतच राहिली.

काळूरामची बायको जनी करवंदं तोडायला रिकामी पाटी घेऊन मागून येत होती. ती म्हणाली, "लाल माती ना, बाय? ती मी दर दिवाळीला काढते, उंबऱ्याला लावायला. या इकडं."

झुडपं बाजूला सारली, तर कड्याच्या पोटात पट्टी. खाली काळा दगड, वर काळा दगड, मधे वीतभर लाल.

"मावशी, ही कुठवर जाते?"

"त्या वळणापर्यंत. तिकडं बोटभर होते. खाली भुसभुशीत, वरती भाजलेली, विटेवानी."

"वरून लाव्हा आला ना, त्यानेच भाजली," म्हणत वल्लरी खाली बसली आणि लिहू लागली. पान भरलं, उलटलं.

गावातल्या दुसऱ्या कुणी वाघ मारला असता, तरी काळूरामला इतकं झोंबलं नसतं.

"ही पट्टी पार पाताळात जाते," तो मधेच म्हणाला.

"हं, काका," वल्लरी मान वर न करता म्हणाली.

"पलीकडच्या घळीत दोन हायेत."

"तिकडं तुमी कवा गेलता?" जनीने विचारलं.

काळूराम डावा पाय चोळू लागला. हा पाय बिबट्याशी झोंबताना मोडला, हे सगळ्या नेऱ्याला ठाऊक होतं, आणि त्या पायाला गावात मान होता.

"बिबट्या नव्हता," तो जनीकडे न बघता म्हणाला. "घसरून पडलेलो. सकाळपासून दुपारपर्यंत तितंच. समोर नुस्ता कडा. दोन लाल पट्ट्या, एकीवर एक, मधे पुरुषभर काळा दगड. दुसरं बगायला कायच नव्हतं."

"नेमकं कुठे, काका?" वल्लरीचं पेन चालू लागलं.

जनीने पाटी खाली ठेवली. "वीस वरसं मी नळावर बिबट्या सांगते," ती म्हणाली. "नखं किती लांब ते पन सांगते."

काळूरामचं तिकडे लक्षच नव्हतं. तो मान वाकडी करून वहीत बघत होता. जनीचं दीड पान. त्याच्या दोन ओळी.

"थांबा म्याडम, मिटू नका," तो म्हणाला. "आनखी एक खरं सांगतो."

तो दगडावर बसला, डोळे मिटले आणि आठवू लागला. वल्लरी पेन उघडं धरून थांबली. जनीची अर्धी पाटी करवंदांनी भरली, तरी त्याला काही आठवत नव्हतं.