गेटवरची डोण

“माय, लेकराला त्या कोपऱ्यात खेळू देऊ नको. तिथं आसरा हायेत.”

गेल्या आखाडात नक्षत्रबागच्या गेटबाहेर उभ्या असलेल्या म्हातारीनं हे सांगितलं, तेव्हा दीपमालाला हसू आलं होतं. तोंडावर हसण्याइतकी ती उर्मट नव्हती. तिनं म्हातारीला पाण्याची बाटली दिली आणि म्हणाली, “मावशी, आम्ही असलं काही मानत नाही.”

म्हातारीच्या हातात दहीभाताची वाटी होती, फडक्यानं झाकलेली. वॉचमन अंगद तिला आत सोडत नव्हता. “मानू नको,” ती म्हणाली, “पर खेळू देऊ नको.”

दीपमालाचं घर छप्पन सालापासून बौद्ध. वडील अप्पाराव जाफराबादला शाळामास्तर होते. अंगात देवी येते म्हणणाऱ्या एका बाईला त्यांनी भर बाजारात सतराचा पाढा विचारला होता, ही गोष्ट तालुक्यात अजून सांगतात. अशा माणसाची बी.एस्सी. झालेली लेक आसरांना काय भिणार? संध्याकाळी नवरा प्रितम आला तेव्हा तिनं त्याला हे चहाबरोबर सांगितलं, दोघं हसले आणि विसरून गेले.

विसरायला जागाही तशीच होती. जालन्याबाहेर, एक्सप्रेसवेला चढायच्या वळणाअलीकडं, सात मजल्यांच्या चार इमारती. संभाजीनगर जालन्याकडं सरकतंय, जालना संभाजीनगरकडं, आणि मधल्या शिवारांना एकेक गोड नाव मिळून फाटकं बसतायत. प्रितमची नोकरी संभाजीनगरच्या बाजूच्या कारखान्यात, पाऊण तासात घरी. नळाला चोवीस तास पाणी. इकडं जुन्या जालन्यात दहा-बारा दिवसांनी नळ येतो, आणि जाफराबादला तर अप्पारावांच्या गल्लीतली निम्मी शटरं कायमची खाली. “पोरं गेली की गाव म्हातारं होतं,” अप्पाराव म्हणायचे. दीपमालाला तेव्हा मनातून बरंच वाटायचं, की आपण वेळेवर निघालो.

गेटवर दगडाची एक लांबट डोण ठेवली होती, तिच्यात गुलाबी फुलं लावलेली. सोसायटीचे सेक्रेटरी काकासाहेब पाहुण्यांना कौतुकानं दाखवायचे, “अँटिक पीस आहे. साइटवरच सापडला.”

यंदा आखाड गेला, श्रावण लागला. म्हातारी आलीच नाही. दीपमालाच्या ते लक्षातही आलं नसतं, जर अक्षतानं तो खेळ काढला नसता.

अक्षता चार वर्षांची. बागेत घसरगुंडीच्या मागं उकिडवी बसून ती काहीतरी करत होती. दीपमाला जवळ गेली. घसरगुंडीच्या लोखंडी पायाशी हिरवळ फाटून बोटभर भेग पडली होती. पोरीनं शेजारी खडे मांडून ठेवले होते, एकेक उचलून आत सोडत होती आणि कान लावत होती.

“आई, गप. ऐक ना. एक… दोन… डुबुक!”

“काय डुबुक?”

“खाली पाणी आहे. खडा उशिरा पोचतो.”

दीपमालानं स्वतः एक खडा टाकला. एक. दोन. आणि खरंच, खोल कुठंतरी, रांजणात पडावा तसा आवाज.

तिच्या पायाखालची हिरवळ अगदी मऊ, रोज फवारे मारून जपलेली. पण त्या हिरवळीवर आता तिला पूर्ण पाय टेकवेना. तिनं अक्षताला काखेत मारलं आणि चवड्यांवर चालत फरशीपर्यंत आली. मग तिला एकेक आठवत गेलं. फवारे बंद झाले की सगळीकडं पाणी साचायचं, घसरगुंडीपाशी मात्र जमीन लगेच कोरडी. पोरांचा चेंडू कुठूनही फेका, गडगडत तिथंच यायचा. हे सगळं तिनं महिनाभर पाहिलं होतं. नुसतंच पाहिलं होतं.

घरी येऊन तिनं दार लावलं आणि जाफराबादला वडिलांना फोन लावला.

“अण्णा, आसरा म्हंजे नेमकं काय असतं?”

“कामून? तुला कुणी गंडा-दोरा बांधला का?”

“सांगा ना.”

“पाण्यातल्या देव्या, लोक मानतात. सात दगड मांडून शेंदूर लावतात. डोहापाशी, नाहीतर विहिरीपाशी.”

“विहिरीपाशीच?”

“पाणी नाही तिथं आसरा कशाला जातील? कामून विचारून राह्यलीस?”

दीपमालानं सगळं सांगितलं, म्हातारीसकट. अप्पाराव म्हणाले, “दीपे, देव मानू नको असं मी शिकवलं. म्हाताऱ्या माणसाचं ऐकू नको, असं कधी शिकवलं?”

तिनं फोन ठेवला. बाई विहीर सांगत होती, आपण देवी ऐकली. सांगणारीला तेवढीच भाषा होती, आणि आपल्याला तेवढ्याच भाषेची चीड.

काकासाहेबांच्या घरी झेंड्याच्या दोऱ्या आणि कागदी पताका पसरल्या होत्या. परवा पंधरा ऑगस्ट. बागेत झेंडावंदन, हिरवळीवर साठ पोरांची रांग, घसरगुंडीसमोरच.

“ताई, प्लॅन पास आहे, नकाशात विहीर नाही,” काकासाहेब म्हणाले. “घुशीचं बीळ असंल.”

“घुशीच्या बिळात पाणी वाजतं का काका?”

“तुम्ही शिकल्या-सवरलेल्या बाई. आसराबिसरा तुम्ही म्हणून राह्यलात? लोक काय म्हणतील?” त्यांनी आवाज उतरवला. “अन् ग्रुपवर टाकू नका बरं. बी विंगमधले चार फ्लॅट विकायला निघालेत. एकदा बोभाटा झाला की कुणी पायरी चढणार न्हाई. सव्वीस जानेवारीला आपण नीट बघून घेऊ.”

“झेंडा पार्किंगमध्ये लावा तरी.”

“पार्किंगमध्ये? फोटो कसे येतील?”

प्रितमनं खडा टाकून पाहिला आणि त्यालाही पटलं, पण म्हणाला, “पुरावा पाहिजे दीपा. भेग दाखवून हे लोक हलायचे नाहीत.”

पुरावा म्हणजे ती म्हातारी. अंगदला तिचा पत्ता ठाऊक निघाला. सुगंधाबाई नाव, पूर्वी हे सगळं शिवार त्यांचंच, मेंढ्या असायच्या. दिरांनी जमीन विकली, मेंढ्याही गेल्या, आणि बाई जुन्या जालन्यात गोदाम गल्लीत एका खोलीत राहते.

चौदा तारखेला सकाळी दीपमाला अक्षताला घेऊन रिक्षानं गेली. पोरीला घरी ठेवून जायचा धीर तिला झाला नाही. रुंद रस्ता संपला, मग दुभाजकावरची झाडं संपली, मग डांबर. गल्लीच्या तोंडाशी रिक्षावाला म्हणाला, “इथून पायी जा ताई, मधी गटार फुटलंय.” जिथं गोदाम होतं तिथं आता मोकळं मैदान आणि त्यात डुकरं. मैदानाला लागून एकटीच उरलेली मातीच्या भिंतींची खोली. तिची गोदामाकडची भिंत उघडी पडली होती. वरपासून खालपर्यंत ओल आणि हात जाईल एवढी चीर. चिरेवर निळी ताडपत्री.

सुगंधाबाईंनी तिला ओळखलं. “पाण्याची बाटली देणारी तू. ये माय.”

दीपमालानं एका दमात सांगितलं. म्हातारीनं मान हलवली, नवल काहीच केलं नाही.

“सात परस खोल विहीर हाय ती, सात माणसं एकावर एक हुबी राह्यतील एवढी. दोनशे मेंढ्या पाणी प्यायच्या. बुजवली तवा मी तिथंच बसल्ते की. शेजारचं हे गोदाम पाडलं, अन् त्याचाच मलबा टरकांनी तिकडं गेला. मी डायवरला म्हणले, बाबा, आदी तुळया काढ. लाकडं आडवी अडकत्यात, वरून भरल्यावाणी दिसतं अन् खाली पोकळ राह्यतं. तो म्हणला, म्हातारे, बाजूला सरक.”

“मग मला तसं का नाही सांगितलं मावशी? विहीर आहे म्हणून?”

“सांगितलं की. आसरा हायेत म्हणले.” त्या खरंच गोंधळल्या होत्या. “आजून कसं सांगत्यात?”

अक्षता दारात एका शेळीमागं धावत गल्लीच्या गटाराकडं निघाली होती. सुगंधाबाईंनी बसल्या जागेवरून जीभ टाळूला लावून हाळी घातली, “हिर्रर्र हाऽऽ!” शेळी जागच्या जागी थांबली आणि तिच्याबरोबर पोरही. अक्षता खिदळली. “परत करा, आजी!”

“उद्या सकाळी येता माझ्याबरोबर? जागा दाखवायला?”

“येते. निवद बी राह्यलाय औंदा. पाय धरत्यात, म्हणून आले नव्हते.”

निघताना दीपमालानं त्या भिंतीकडं पाहिलं. “मावशी, ही भिंत…?”

“बराय माय. गोदाम व्हतं तवर टेकून व्हती. आता एकटी हुबी राह्यलीय, माझ्यावाणी.” म्हातारी हसली.

“पुढच्या आठवड्यात बघू आपण काहीतरी,” दीपमाला म्हणाली. तिच्या डोक्यात घसरगुंडी होती.

पंधरा तारखेला साडेसातला तिनं सुगंधाबाईंना रिक्षातून आणलं. गेटवर पाऊल ठेवताच म्हातारी थबकली, वाकली, फुलांच्या कुंडीवरून हात फिरवू लागली. “ही तर आमची डोण. हिच्यातच मेंढ्या पाणी प्यायच्या. ह्या कडेला माझ्या सासऱ्यानं टाकीनं त्रिशूळ काढल्ता.” तिनं फुलं बाजूला सारली. दगडात पुसट त्रिशूळ होता.

काकासाहेब पांढऱ्या कपड्यांत, छातीला तिरंगी बिल्ला. लोक जमलेले.

“काका,” दीपमाला मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “हा अँटिक पीस साइटवर सापडला ना? मेंढ्यांना पाणी पाजायची डोण विहिरीशिवाय कोण ठेवतं? मग विहीर कुठं गेली?”

काकासाहेब छातीवरचा बिल्ला सारखा करू लागले. कुणीतरी मागून म्हणालं, “पोरं तरी तिथून हलवा आधी.” मग आयाच पुढं झाल्या. पाच मिनिटांत रांग पार्किंगमध्ये आली, झेंड्याचा पाइपही आला. काकासाहेब कुरकुरत राहिले की फोटोत गाड्या येतील. सुगंधाबाई बागेच्या कडेला लिंबाखाली दहीभात मांडून बसल्या.

झेंडा वर गेला. राष्ट्रगीत सुरू झालं. सगळे ताठ, हात मांडीला चिकटलेले. दीपमालानं तिरक्या नजरेनं पोरांची रांग पाहिली. तिसऱ्या जागेवर अक्षता हवी होती. तिसरी जागा रिकामी होती.

पोरगी हिरवळीवर होती. परवा मांडून ठेवलेले खडे आणायला निघालेली. आणि तिच्यापुढं घसरगुंडी, किती हळू, जणू कुणी खालून धरून ओढतंय अशी, एका बाजूला कलत होती.

दीपमाला पळाली. राष्ट्रगीत मोडून पळाली. तिची हाक साठ पोरांच्या राष्ट्रगीतात बुडाली. अंतर पन्नास पावलांचं, आणि पोर घसरगुंडीपासून दहा पावलांवर.

“हिर्रर्र हाऽऽ!”

अक्षता थांबली. हसत मागं वळली, आजी कुठंय ते पाहायला. तेवढ्यात तिच्यामागं जमीन बसली. मोठा आवाज नाही, पोतं टाकल्यासारखा धप्प. घसरगुंडी, झोका, हिरवळीचा गोल तुकडा, सगळं आत. मग खालून पाण्याचा आवाज आला, लांबलेला. दीपमालानं पोरीला उचललं तेव्हा तिच्या चपलेच्या टोकापासून चार हातांवर काठ होता. काठावरून काळ्या तुळया दिसत होत्या, गोदामाच्या.

त्यानंतर सगळं जल्दी झालं. तासाभरात अग्निशामक, दुपारपर्यंत साहेब लोक, जेसीबी, कॅमेरेवाले. चार दिवसांत काँक्रीट ओतून झालं, पंधरवड्यात नवी घसरगुंडी आली, आधीपेक्षा उंच. काकासाहेबांनी टीव्हीवर सांगितलं की सोसायटीच्या दक्षतेमुळं अनर्थ टळला. त्या गर्दीत सुगंधाबाई कधी उठून पायी गेल्या, कुणी पाहिलं नाही. लिंबाखाली वाटी राहिली होती.

पहिला आठवडा दीपमालानं अक्षताला नजरेआड केलं नाही. पोरगी झोपली तरी ती फरशीवर टाच आपटून आवाज ऐकायची. मग दोन दिवस लागून पाऊस झाला. तो उघडल्यावर साडी आणि वाटी घेऊन ती गोदाम गल्लीत गेली.

खोली होती तिथं मातीचा ढीग, त्यावर निळी ताडपत्री. दाराची चौकट उभी, दाराला बाहेरून कुलूप. बाहेरून कुलूप म्हणजे बाई आत नव्हती, हे तिनं स्वतःला तीनदा समजावलं. पलीकडच्या दुकानदारानं डोकं खाजवलं. “मावशी? लेकीकडं गेली जणू, केदारखेड्याला.” शेजारीण म्हणाली, “छे, पिंपळगावला, रेणुकाईच्या देवळात बसते.” तिसरा म्हणाला, “कोण म्हातारी?” विहिरीसाठी दुपारपर्यंत जेसीबी आला होता. इथं ढीग उपसायलाही कुणी आलं नव्हतं. तो दीपमालानं पोलिसांना तीनदा फोन करून उपसून घेतला. खाली एक पातेलं निघालं, बस.

केदारखेड्याला ती प्रितमला घेऊन जाऊन आली. तिथं सुगंधाबाईंची लेक नव्हतीच. पिंपळगावच्या देवळात कुणीतरी आठवडाभर होतं, पण आता नाही.

म्हणून हे वाचणाऱ्याला दीपमाला विचारतेय. तुमच्या गावात, गल्लीत, देवळाच्या ओट्यावर सत्तरीची, ठेंगणी, हातभर गोंदलेली एखादी बाई आली असेल, आणि जनावर वाकडं जाताना दिसलं की बसल्या जागेवरून हाळी घालत असेल, तर जरा जाऊन या. जेवली का विचारा. डोक्यावर छप्पर आहे का बघा. ती “बराय माय” म्हणेल. ती म्हणाली तरी लगेच मागं फिरू नका. भिंतीला एकदा हात लावून बघा.