ठमीचा क्लिअर फोटो

रांग दिसली की आपण आधी काय शोधतो? ओळखीचा माणूस! खोटं बोलू नका. शेवटच्या माणसामागे गुपचूप जाऊन उभे राहणारे आपल्यात कितीसे निघतील?

फोटोदादाला तर ओळख शोधायचीही गरज नव्हती. सरकारी दवाखान्यातली एक्स-रेची खोली त्याच्याच ताब्यात होती. वीस वर्षं हाडांचे फोटो काढून काढून त्याचा असा समज झाला होता, की फोटोत जे दिसत नाही, ते नसतंच.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी त्याला मुलगी झाली. पायाळू. लाडाचं नाव ठमी. बाळांच्या डॉक्टरांनी फाईलमध्ये लिहून दिलं, 'सहाव्या आठवड्यात खुब्यांची सोनोग्राफी.' पायाळू बाळाचा, त्यातून मुलीचा, खुबा कधी कधी जागेवरून सरकलेला असतो. तो वेळेत बघायचा होता.

दोघं ठमीला घेऊन गेले, तर सोनोग्राफीच्या दारापासून जिन्यापर्यंत माणसंच माणसं.

"तीन तासांची निश्चिंती," दादा म्हणाला. "चल माझ्या खोलीत. पाच मिनिटांत फोटो काढतो."

"अहो, पण इथं सोनोग्राफी लिहिलंय."

"हाडच बघायचंय ना? मग हाडातलं माझ्यापेक्षा जास्त कोणाला कळतं गं?"

त्यानं फोटो काढला, दिव्यावर धरला. "एकदम क्लिअर!" आणि फाईलमध्ये त्या ओळीपुढं स्वतःच्या हातानं बरोबरची खूण केली. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी खूण बघितली आणि पान उलटलं.

महिन्याभरात बायको म्हणाली, "लंगोट बदलताना हिचा डावा पाय नीट उघडत नाही हो."

"फोटो क्लिअर आहे."

"मांडीच्या वळ्यासुद्धा दोन्हीकडे सारख्या नाहीत."

"बाळसं आहे ते. फोटो क्लिअर आहे म्हटलं ना!"

तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा तो हसला. मग तिनं सांगायचंच सोडलं. त्याच खात्यातल्या माणसाशी किती वाद घालणार?

ठमी दीड वर्षाची होऊन चालायला लागली. पहिल्या पावलाला दोघांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या पावलाला ती डावीकडे कलंडली. तिसऱ्यालाही. आईनं तिला पटकन उचललं आणि नवऱ्याकडे नुसतं बघितलं.

दुसऱ्या दिवशी त्यानंच फोटो काढला. या वेळी कोणाला विचारायची गरज नव्हती. मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीतून बाहेर, पार वर सरकलेला. दोन्ही फोटो घेऊन तो सोनोग्राफीच्या मॅडमकडे धावला. केस पांढरे झालेल्या, तोंडावर बोलणाऱ्या बाई.

"मॅडम, तेव्हा सगळं क्लिअर होतं हो! मग हे झालं कधी?"

मॅडमनी पहिला फोटो उजेडात धरला. "यात मला गोळा दाखव."

त्यानं बघितलं. पुन्हा बघितलं. गोळा नव्हताच! कुठल्याच बाजूला नव्हता!

"दिसणार कसा? दीड महिन्याच्या बाळाचा तो गोळा मऊ कुर्चेचा असतो. एक्स-रेत ती दिसत नाही, सोनोग्राफीत दिसते. चार-सहा महिन्यांनी तिथं हाड धरायला लागतं, मग तुझा फोटो कामाचा. तू रिकामी जागा बघितलीस आणि क्लिअर म्हणालास."

"म्हणजे तेव्हाही सरकलेलाच..."

"बहुतेक. तेव्हा कळलं असतं, तर दोन-तीन महिने पट्ट्या बांधून भागण्यासारखं होतं. आता ऑपरेशन."

"रांग फार होती, मॅडम."

"होती ना. त्या रांगेतली सगळी बाळं संध्याकाळपर्यंत तपासून झाली रे. तुझंच राहिलं."

दादा तिथंच स्टुलावर बसून ढसाढसा रडला.

ऑपरेशन झालं. छातीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर, पाय फाकवलेले. ठमी उठायला बघायची आणि हुंदके द्यायची. पुढं सरळ चालेल का, हे कोणीच छातीठोकपणे सांगेना. बायको एवढंच म्हणाली, "तीनदा सांगितलं होतं मी."

पंधरा दिवसांनी वॉर्डातल्या मावशी नातवाला घेऊन त्याच्या खोलीत आल्या. तोही पायाळू, सहाच आठवड्यांचा.

"दादा, घरचंच काम आहे. पटकन एक फोटो मार की."

दादानं ड्रॉवरमधून ठमीचा पहिला फोटो काढला. "मावशी, यात खुब्याचा गोळा दाखवा."

"मला नाही बाई दिसत."

"मलाही दिसला नव्हता. तरी मी क्लिअर म्हणालो." नातवाची फाईल घेऊन तो सोनोग्राफीच्या रांगेत शेवटी जाऊन उभा राहिला.

"दादा, तुम्ही इथलेच. पुढं व्हा ना," कोणीतरी म्हणालं.

"नको. नंबर येईल तेव्हा जाऊ."

मंडळी, जी तपासणी लिहून दिलीय तीच करा, आणि दिलेल्या वेळेलाच करा. ओळखीचा माणूस तीन तास वाचवून देईल, बाळाचा खुबा नाही. आणि आई म्हणाली की पाय उघडत नाही, तर तिचं पहिल्यांदाच ऐका!

मावशींच्या नातवाचा नंबर दुपारी लागला. ठमी तेव्हा घरी प्लास्टरमध्ये पडून होती. अजून दहा आठवडे बाकी होते.