'म'च्या पायाखालून

अक्षर म्हणजे माणसाचा आत्मा — हे वाक्य त्याने स्वतःच्या हाताने रेखून टेबलासमोरच्या भिंतीवर लावलं होतं, आणि आत्ता त्या आत्म्याच्या शेपटाला एक केस चिकटला होता. निबच्या फटीत अडकलेला, शाईने लडबडलेला, नवऱ्या मुलाच्या 'ह'मागून फरफटत आलेला... कुणाचा होता कोण जाणे. त्याला शिसारी आली. चिमट्याने केस ओढून काढला, बोटं पुसली, मग पुन्हा पुसली.

लग्नाचे मोनोग्रॅम काढणं हा त्याचा धंदाच. परक्यांची आद्याक्षरं त्याने आजवर बिनदिक्कत एकमेकांच्या गळ्यात घातली होती — एकाचा फाटा दुसरीच्या कमरेभोवती, हिचं टोक त्याच्या खांद्यावर — आणि वर चहाचा घोट घेत म्हटलं होतं, "बघा, कसा जीव जडलाय!" आता स्वतःच्या मुलीचा 'म' होता. ताठ कण्याचा, गाठ मारून उभा. पहिलीत असताना ती ही गाठ उलटी काढायची, आणि तो तिची मूठ आपल्या मुठीत धरून... आणि शेजारी हा 'ह'. पोट सुटलेला, शेपूट लोंबतंय. ते शेपूट 'म'च्या पायाखालून पलीकडे न्यायचं, की झालं काम. पण सकाळपासून हात तिथवर जायचा आणि अडायचा.

धंद्यातली जुनी खोड — कागद उलटा धरायचा, म्हणजे अक्षर वाचलं जात नाही, नुसता तोल दिसतो. त्याने धरला. तोल दिसला नाही. एकमेकांना बिलगू बघणारी दोन अंगं दिसली. त्याने घाईघाईने कागद पालथा घातला.

होणारा जावई वाईट नव्हता, पंचाईत हीच होती. ओलसर तळवा, हसताना दिसणाऱ्या हिरड्या, कपाच्या तळाशी उरलेलं बिस्किट बोटाने निपटून चाटणं — एवढ्यावरून कुणाला नाकारता येतं? बायको म्हणालीसुद्धा, "तुम्ही नाही वाटतं बोटं चाटत?" चाटत होता. पण आपली थुंकी ती आपली...

मुलगी आत आली, त्याच्या खांद्यावरून वाकली, कागद सुलटा केला.

"बाबा, अजून लांबच? बसमध्ये अनोळखी माणसं बसतात तशी बसलीयत दोघं."

"श्वास घ्यायला जागा हवी."

"कुणाला?"

त्याने स्वच्छ निब पुन्हा पुसली.

"तुम्हाला तो आवडत नाही. सांगून टाका ना एकदाचं."

सांगितलं असतं तर ती रडली-भांडली नसती. मान डोलावून गेली असती, आणि लग्नानंतर घरी आली असती ती पाहुण्यासारखी — फोन करून, खुर्चीच्या कडेवर बसायला. लेकीला तो पुरता ओळखून होता.

"'ह' जरा ओघळतोय," तो म्हणाला. "बाकी काही नाही."

"मग आवरा की त्याला. तुमच्याच तर हातात आहे."

त्याने निब बुडवली. शेपूट निघालं, 'म'च्या पायाखालून गेलं, पलीकडे वर चढलं, आणि हलकेच टेकलं — थरथर नाही, फुगवटा नाही. इतकी देखणी रेघ त्याच्या हातून कित्येक वर्षांत उतरली नव्हती. तो मनगटाकडे बघत राहिला. मघाची किळस तिथे येऊन बसली होती... कारण हाताला मजा आली होती.

"अय्या, बाबा! अगदी आम्हीच!" तिने फोटो काढलासुद्धा.

"लावणार कुठे?" त्याने विचारलं.

"कागदी रुमालांवर. जेवल्यावर तोंड पुसायला."