तेलिणीच्या घरात तुपाचा वास

मी एक जुनं तांब्याचं हवनकुंड आहे. मित्रांनो, तुमच्या शाळेच्या या कपाटात कितीतरी जणांनी मला फुलझाडाची कुंडी समजून माझ्यात डोकावून पाहिलं आहे. एकानं तर पेन्सिलीची टरफलं टाकली. माझा त्याच्यावर राग नाही. वर चौकोनी, रुंद, खाली निमुळतं आणि अंगाला पायऱ्या, असलं ध्यान रोज कुठे बघायला मिळतं? पण ज्या जाळानं माझं तोंड काळं झालं, त्याची गोष्ट तुम्हाला कुणी सांगितलेली नाही.

माझा जन्म नांदेडचा. गोदावरीच्या काठाजवळ तांबटांची आळी होती, तिथे मला ठोकून-मठारून घडवलं. नवं असताना माझ्या अंगात समोरच्याचं तोंड दिसायचं. मला पहिल्यांदा हाती घेतलं ते रेणुकादासानं. शाळामास्तरांचा मुलगा, नुकतं मिसरूड फुटलेलं. आर्य समाजाचा उपदेशक होऊन तो गावोगाव फिरायला निघाला होता. जातपात सोडा, दारू सोडा, मुलींना शिकवा, असं तो घसा कोरडा पडेपर्यंत सांगायचा. पहिल्या पहिल्यांदा ऐकायला माणसं कमी आणि म्हशी जास्त असत. तरी गडी हटत नसे.

दीक्षा घेताना त्यानं दोन व्रतं घेतली होती. हवन केल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही आणि जीव गेला तरी खोटं बोलायचं नाही. मुलगा लाख मोलाचा होता, पण वाकायचं कुठे हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. म्हणूनच त्याच्या जोडीला मल्लिकार्जुन दिला होता. हा कानडी मुलखातला पोक्त भजनी. वाटा ओळखायचा आणि माणसंही ओळखायचा. गावांवर जायचं ते दोघांनी, एकट्यानं फिरायचं नाही, असा दंडकच होता.

निजामी अमलाची ती शेवटची वर्षं. परवानगीशिवाय प्रवचन नको, हवन नको, अशी अमिनाची, म्हणजे पोलीस फौजदाराची, दवंडी गावोगाव फिरली होती. त्या सोमवारी दोघं लातुरातून निघाले आणि मी गोणपाटात, रेणुकादासाच्या पाठीवर. औशाच्या बाजारात मल्लिकार्जुनानं भजन धरलं. दुसरं कडवं संपायच्या आत दोन जवानांनी त्याचे दंड धरले. जाता जाता तो कानडी हेलात एवढंच म्हणाला, "परत फिर. पुढं एकट्यानं जाऊ नको."

रेणुकादास फिरला नाही. निलंग्याच्या पुढे चिंचकुंटा नावाचं गाव होतं, तिथे येतो म्हणून त्यानं शब्द दिला होता.

मंगळवारची वाट मला आठवते. एरवी ज्या गावात पोरं मागे धावायची, तिथली माणसं आम्हाला बघून ओसरीवरून उठून आत गेली. कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. एका गावी समाजाचं विटांचं हवनकुंड होतं. आता तिथे नुसता विटांचा ढीग पडला होता. रेणुकादासानं एक वीट उचलली आणि होती तिथे परत ठेवली. मला भीती वाटली. विटांचं कुंड मोडता येतं, तसं तांब्याचं वितळवताही येतं.

बुधवारी दिवस कलताना आम्ही चिंचकुंट्यात कावेरीबाईच्या दारात पोचलो. ती तेलीण होती. नवरा वारल्यावर एका बैलावर घाणा चालवून पोट भरत होती. तिनं आधी गल्लीत दोन्हीकडे पाहिलं, मग दार उघडलं.

"एकलेच कामून आलाव?"

"मल्लिकार्जुनअण्णांना औशात धरलं, माई."

तिनं दाराला कडी घातली. "मालक जाताना सांगून गेले, समाजाचा मानूस आला की दार उघडायचं. म्हून उघडलं. पर बाबा, धूर नको. अमीनसाबानं पाटलाला ताकीद दिलीया. धूर झाला का माझा घाणा गेला."

"धूर करणार नाही," रेणुकादास म्हणाला. त्यानं शब्द पाळला. हवन केलं नाही, आणि म्हणून जेवलाही नाही.

गुरुवारी कावेरीबाईनं ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी, त्यावर ताज्या करडीच्या तेलाची धार, असं ताट वाढलं. त्यानं हात जोडून ते बाजूला सारलं. दिवसभर तो पेंडीच्या पोत्यांमागे बसून राहिला. बाहेर घाणा करकरत होता. बाई घाण्यावरून उठून दोनदा आत डोकावून गेली. शुक्रवारी सकाळी उठताना त्याचा तोल गेला, तेव्हा मात्र तिचं काळीज हललं.

"मालकाच्या घरात पाव्हना उपाशी मरतूय व्हय? करा तुमचं काय ते. पर लहान करा. घाण्यापाशी करा, तेलाच्या वासात खपून जाईल."

मला वाटलं, नको. पण आमच्यासारख्यांना कोण विचारतं? समिधा रचल्या, झोळीतलं तूप घातलं, रेणुकादास हळू आवाजात मंत्र म्हणू लागला. जाळ खरंच लहान होता. धूरही फारसा झाला नाही. घात केला तो वासानं. ज्या घरात वर्षातून एकदा, पोळ्याला, बैलाच्या पोळीवर तुपाचं बोट लागायचं, त्या घरातून तूप जळल्याचा खमंग वास निघाला. घाण्याच्या वासात तो मिसळला नाही. पाण्यावर तेल तरंगावं तसा तो वरच राहिला आणि गल्लीभर झाला.

रेणुकादास पोटभर जेवला. दुपारी अण्णाराव पाटील दारात उभा राहिला. त्याचा आवाज गोड होता, आणि मला त्याचीच धास्ती वाटली.

"काय कावेरीबाई, लेकबिक आलीया का माहेराला? तूप लई कढवलंय."

"न्हाई पाटील. नवस हुता."

"नवस चांगला की." त्याची नजर पेंडीच्या पोत्यांवरून सावकाश फिरली. "उद्या अमीनसाब यायलेत. त्यास्नी बी वाईच परसाद ठेवा."

शनिवारी उजाडायच्या आत कावेरीबाईनं रेणुकादासाच्या हाती भाकरी बांधून दिली आणि मागच्या कुंपणाकडे बोट केलं. "जावा. मागं फिरू नगा. काय बोलायचं ते मी बोलते."

तो निघाला, पण गावाबाहेरच्या ज्वारीच्या रानापर्यंतच. तिथे बसून राहिला. अमिनाचा घोडा गावात शिरताना दिसला तसा तो वाकत वाकत परत कुंपणाशी आला. बाईला वाघाच्या तोंडी देऊन जाणं त्याला जमेना. मित्रांनो, मन चांगलं होतं पोराचं. तेच नडलं.

कुंपणाआडून सगळं ऐकू येत होतं. अमीन वयस्क माणूस होता, उन्हानं आणि रपेटीनं वैतागलेला. त्यानं विचारलं, "बाई, हवन कुणी केलं इथं?"

"हवन कसलं, साहेब? बैलाला खांदेसूज झालीया. खंडोबाला बोलले हुते, तूप जाळलं. ही बगा खापरी."

तिनं खरोखरच एका खापरात रेणुकादासाचं उरलेलं तूप जाळून ते देवापुढे मांडून ठेवलं होतं. अमिनानं खापर पाहिलं, बैलाच्या खांद्यावरून हात फिरवला. खांदा सुजलेला होताच. तो अण्णारावाकडे वळला. "पाटील, एका बैलाच्या नवसासाठी मला एवढी दौड करायला लावली?" आणि त्यानं घोड्याचा लगाम मागितला.

सुटली, बाई सुटली! तोंडातल्या जाळाला बोलता आलं असतं तर मी ओरडलो असतो, बस खाली, बाळा, बस. पण अमीन चाललाय हे रेणुकादासाला दिसतच नव्हतं. आपल्यासाठी एक विधवा खोटं बोलतेय, एवढंच त्याच्या कानात घणघणत होतं. तो कुंपण ओलांडून अंगणात आला आणि मला गोणपाटातून काढून अमिनापुढे ठेवलं. माझ्यात कालची राख तशीच होती.

"साहेब, हवन मी केलं. या माईंचा काही दोष नाही. त्यांनी फक्त मला घरात ठेवून घेतलं."

कावेरीबाई पांढरी पडली. "ह्यो कोण हाय? मी वळखत न्हाई ह्याला."

"माई, माझ्यासाठी खोटं नको."

अमिनानं डोळे मिटले. "अरे, मी तर चाललो होतो," तो म्हणाला. "हे कामून बोललास? आता पाटलानं ऐकलं, जवानांनी ऐकलं. आता मला सोडता येत नाही."

दोघांनाही नेलं. मला मुद्देमाल म्हणून नेलं. घाण्याला सील लागलं. बैलाच्या डोळ्यांवरची झापडं काढायचीही कुणाला आठवण झाली नाही.

रविवारी कोठडीत रेणुकादास मोठ्यानं मंत्र म्हणत होता. आपण बाईला वाचवलं, असा त्याचा समज होता. संध्याकाळी पहाऱ्यावरच्या जवानानं त्याला सांगितलं, तुझ्यापेक्षा बाईवरचा गुन्हा मोठा आहे. आसरा दिला, आणि अंमलदारासमोर खोटं बोलली.

पुढे तो सुटला आणि मीही त्याला परत मिळालो. लातुरात लोकांनी त्याला हार घातले, खांद्यावर घेतलं. माझंही कौतुक झालं, माझ्या काळ्या तोंडाला लोक हात लावून नमस्कार करत. कावेरीबाई त्याच्या नंतर बऱ्याच दिवसांनी सुटली. तिला हार घालायला कुणी गेलं नाही. बैल लिलावात गेला होता आणि घाण्याचं लाकूड कुणीतरी सरपणाला फोडलं होतं. ती दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाऊ लागली.

रेणुकादास मला घेऊन तिच्याकडे गेला. तिनं पाणी दिलं, खाली बसा म्हणाली. त्यानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं. "माई, मी खरं बोललो. मला वाटलं—"

"खरं बोललाव, बरं केलंव," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "पर घर माझं हुतं, बाबा. मला इचारून बोलायचं हुतं."

आज इतकी वर्षं इथे कपाटात पडून मी तिचं तेच वाक्य घोळवतो आहे. मित्रांनो, मला चिंचेनं घासा, नाहीतर धूळ खात पडू द्या, माझं काही म्हणणं नाही. खरं मात्र जरूर बोला. पण तुमच्या खरेपणाची झळ दुसऱ्याच्या घराला लागणार असेल, तर आधी त्या घरात जाऊन विचारा. रेणुकादासाला एवढी एक गोष्ट शिकवायला कावेरीबाईचा अख्खा संसार खर्ची पडला.